आधी हात, मग एमआरआय

गुडघा मुरगळला की एमआरआय काढायचा की नाही, यावर हल्ली जो वाद चालतो तो ऐकताना मला सारखं वाटतं, की दोन्हीकडचे लोक गुडघ्याबद्दल बोलतच नाहीत. एकांचं म्हणणं, ‘मशीन हाताशी आहे तर अंदाजपंचे दाहोदरसे कशाला? सरळ फोटो काढा, आत काय फाटलंय ते समोर दिसेल.’ दुसऱ्यांचं म्हणणं, ‘हा सगळा तपासण्यांचा बाजार आहे. पूर्वीचे डॉक्टर नुसता हात लावून ओळखायचे.’ पहिल्यांची मशीनवर श्रद्धा आहे, दुसऱ्यांना मशीन चालवणाऱ्यांचा संशय आहे, आणि या दोघांची जुंपली की ज्याचा गुडघा टम्म सुजलाय तो माणूस मधल्यामध्ये बसून राहतो. त्याला एवढंच हवं असतं: माझ्या गुडघ्याला नेमकं झालंय काय, आणि आता मी करू काय?

मी फिजिओथेरपिस्ट आहे. दुखावलेले गुडघे रोज माझ्या हातांखालून जातात. ऑपरेशनआधीचे, ऑपरेशननंतरचे आणि ऑपरेशनची गरज कधी नव्हतीच असेही. म्हणून माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. लिगामेंट, म्हणजे हाडांना एकमेकांशी बांधून ठेवणारा चिवट पट्टा, त्याच्या दुखापतीचं निदान रुग्णाची हकीकत आणि तपासणाऱ्याचा हात यांपासून सुरू व्हायला हवं. एमआरआय त्यांच्या मागून यावा, तोही ठरावीक प्रश्न घेऊन. जुने दिवस बरे होते म्हणून मी हे म्हणत नाही. लिगामेंट तुटलंय का, ते एमआरआय दाखवतो. गुडघा सैल झालाय का, ते दाखवत नाही. आणि उपचार मात्र बहुतेक वेळा या दुसऱ्या गोष्टीवर ठरतात.

गुडघा दगा देतो तो पाय रोवून वळताना, जिना उतरताना, उडी मारून खाली येताना. मशीनमध्ये तो वीस-तीस मिनिटं निपचित पडलेला असतो. जवळपास सरळ, स्नायू सैल, अंगाचा भार शून्य. काही मिलिमीटर जाडीचे काप घ्यावेत तशा प्रतिमा तयार होतात. एसीएल, म्हणजे गुडघ्याच्या मधोमध तिरकं जाणारं लिगामेंट, त्यांत काळ्या पट्ट्यासारखं दिसतं. पट्टा तुटक, फुगलेला, पांढुरका दिसला की रिपोर्टात ‘टेअर’, म्हणजे फाटलंय, हा शब्द येतो. नुकतंच पूर्ण तुटलेलं एसीएल ओळखायला हे चित्र उत्तम आहे, यात वाद नाही. पण अर्धवट फाटलेलं असेल तर उरलेले धागे ताण धरतात की नुसतेच लोंबतात, हे त्या चित्रावरून कळत नाही. जुन्या दुखापतीत तुटलेलं टोक कधी कधी शेजारच्या मागच्या लिगामेंटला चिकटून बसतं. मग चित्रात पट्टा सलग भासतो आणि गुडघा मात्र प्रत्येक वळणावर निसटत असतो. उलटही घडतं. मध्यम वयानंतर काहींचं एसीएल आतून जाड आणि धूसर होतं. त्याला म्युकॉइड डीजनरेशन म्हणतात. नवख्या नजरेला तो टेअर वाटतो, आणि तपासायला जावं तर गुडघा घट्ट.

हात काय करतो ते जवळून पाहू. रुग्ण उताणा झोपलेला. गुडघा वीस-तीस अंशांत वाकवलेला, म्हणजे खाली टॉवेलची घडी ठेवली तर जेवढा वाकेल तेवढाच. एका हाताने गुडघ्याच्या वर मांडी घट्ट धरायची. दुसऱ्या हाताची बोटं पोटरीमागे, अंगठा पुढून नडगीवर, वाटीच्या खाली. आणि नडगी पुढे ओढायची. लिगामेंट शाबूत असेल तर ती किंचित पुढे येते आणि टक्‌कन अडते, दोरीची ढील संपावी तशी. तुटलेलं असेल तर ती येत राहते आणि नेमकी कुठे थांबली ते कळतच नाही. हाताला काहीतरी मऊ, बिनशेवटाचं लागतं. ज्याने हा फरक एकदा अनुभवलाय तो पुन्हा विसरत नाही. फिलाडेल्फियाच्या टेम्पल विद्यापीठातले जॉन लॅचमन ही तपासणी शिकवत असत. त्यांच्या नावाने जोसेफ टॉर्ग आणि सहकाऱ्यांनी ती १९७६ मध्ये प्रसिद्ध केली आणि ती ‘लॅचमन टेस्ट’ म्हणून रुळली. त्याच्या शंभर वर्षं आधी, १८७५ मध्ये, जॉर्ज नूलिस यांनी पॅरिसमधल्या आपल्या प्रबंधात जवळपास हीच पद्धत लिहून ठेवली होती. २००६ मध्ये अनेक अभ्यासांचे आकडे एकत्र करून पाहिले गेले, तेव्हा एसीएल तुटलेल्या शंभर जणांपैकी साधारण ८५ जण या तपासणीत सापडतात आणि न तुटलेल्या शंभरांपैकी साधारण ९४ जणांना ती बरोबर वगळते, असं दिसलं. एमआरआयचे असेच एकत्रित आकडे ८७ आणि ९३ च्या आसपास आहेत. दोन मिनिटांत, दोन हातांनी होणारी तपासणी आणि तो प्रचंड चुंबक यांच्यात मग अंतर उरलं तरी किती?

आणि हाताच्याही आधी कान लागतात. ‘पाय रोवला, अंग वळलं, कट्ट असा आवाज आला आणि दोन तासांत गुडघा फुगला,’ असं कुणी सांगितलं की माझं अर्धं काम झालेलं असतं. तासा-दोन तासांत येणारी सूज बहुधा रक्ताची असते. दुसऱ्या दिवशी सकाळी दिसणारी सूज बहुधा पाण्याची. मार लागल्यावर लगेच रक्त साठलेल्या दहा गुडघ्यांपैकी साधारण सातांत एसीएलची दुखापत सापडते. गुडघा अडकतो की निसटतो? कुणाचा धक्का लागला होता की एकट्यानेच वळताना झालं? खेळ तिथेच थांबवावा लागला की पुढे खेळता आलं? ‘गुडघा दुखतो’ एवढंच ऐकून तपासणीच्या चिठ्ठीवर सही करणाऱ्याच्या हाती यातलं काहीच लागत नाही, आणि जे त्याच्या हाती लागत नाही ते मशीनही त्याला देऊ शकत नाही.

आता समोरच्या बाजूचे मुद्दे. ते कच्चे नाहीत, आणि हाताच्या बाजूने बोलणारे लोक ते टाळतात हे मला खटकतं. पहिला मुद्दा ताज्या दुखापतीचा. ज्या गुडघ्यात रक्त भरलंय आणि ज्याच्या मालकाने भीतीने मांडीचा स्नायू दगडासारखा आखडून धरलाय, त्या गुडघ्यात लॅचमन टेस्ट करणं म्हणजे बंद दाराला कान लावून आत किती माणसं आहेत ते मोजणं. गुडघा वळताना निसटतो का ते पाहणारी ‘पिव्हट शिफ्ट’ ही दुसरी चाचणी तर आणखी अवघड. त्याच २००६ च्या आकड्यांत ती जेमतेम चौथा हिस्सा रुग्ण पकडते. भूल दिल्यावर ती कितीतरी स्पष्ट होते, पण निदानासाठी कुणी सगळ्यांना भूल देत बसणार नाही. दुसरा मुद्दा हातांमधल्या फरकाचा. वरचे ८५ आणि ९४ हे आकडे मुख्यतः सरावलेल्या हातांचे आहेत. वर्षातून दोन-चार गुडघे पाहणाऱ्याला ते जसेच्या तसे लागू होत नाहीत.

तिसरा मुद्दा सगळ्यांत वजनदार. एसीएल एकटं क्वचितच जातं. त्याच्याबरोबर मेनिस्कस, म्हणजे लोक जिला गादी म्हणतात ती, फाटते; गुडघ्याच्या मागच्या-बाहेरच्या कोपऱ्यातले बंध जातात; हाडाला आतून मुका मार लागतो. मागच्या-बाहेरच्या कोपऱ्याची दुखापत नजरेतून सुटली आणि फक्त एसीएल नवं बसवलं, तर सगळा ताण त्या नव्या लिगामेंटवर येतो आणि तेही निकामी होऊ शकतं. माझ्याकडे आलेल्या एका तरुण खेळाडूचं एसीएल तुटलंय हे मी हाताने बरोबर ओळखलं होतं, आणि बरोबर ओळखल्याच्या समाधानातच राहिले होते. एमआरआय आला तेव्हा तिच्या बाहेरच्या मेनिस्कसचं मागचं मूळही हाडापासून उपटलेलं दिसलं. ते माझ्या हाताला लागलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर कुणाच्याच हाताला खात्रीने लागलं नसतं. त्या एका चित्राने तिचं ऑपरेशन कसं आणि किती लवकर करायचं ते बदललं. ‘सगळा बाजार आहे’ म्हणणाऱ्यांनी त्या मुलीला काय सांगितलं असतं?

चौथा मुद्दा इतिहासाचा, आणि तोही एमआरआयच्या बाजूचाच. टोकियोत केन्जी ताकागी यांनी १९१८ मध्ये मूत्राशय तपासायची दुर्बीण मृतदेहाच्या गुडघ्यात घालून पाहिली, तिथून पुढे गुडघ्याची दुर्बीण विकसित होत गेली. एमआरआय येण्याआधी निदान अडलं की भूल देऊन, भोकं पाडून, दुर्बीण आत घालून नुसतं बघितलं जायचं. कित्येकांच्या गुडघ्यात दुरुस्त करण्यासारखं काही निघायचंच नाही. पॉल लॉटरबर यांनी १९७३ मध्ये चुंबकीय क्षेत्रातून प्रतिमा घडवण्याची पद्धत मांडली आणि पुढे पीटर मॅन्सफील्ड यांच्यासह २००३ चं नोबेल मिळवलं. त्यांच्या कामामुळे ‘नुसतं बघण्यासाठी’ होणारी ती ऑपरेशनं जवळपास संपली. एमआरआयमध्ये किरणोत्सर्गही नसतो. ‘पूर्वी हाताने ओळखायचे’ म्हणणाऱ्यांनी पूर्वीचं हेही सांगायला हवं, की हाताने ओळखता आलं नाही तर गुडघा उघडायचे.

हे सगळं मान्य करूनही मी माझ्या म्हणण्यावर ठाम आहे. ताज्या सुजेपासून सुरुवात करते. पहिल्या दिवशी लिगामेंटचा निकाल लागलाच पाहिजे, हे कुणी ठरवलं? पहिल्या दिवशी ठरवायच्या गोष्टी वेगळ्या असतात. हाड मोडलंय का? त्यासाठी कॅनडातल्या ओटावात इयान स्टील आणि सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये साधे निकष मांडले: वय ५५ किंवा जास्त, फक्त वाटीवर किंवा बाहेरच्या बारक्या हाडाच्या डोक्यावर दाबल्यावर दुखणं, गुडघा ९० अंशांपर्यंत न वाकणं, चार पावलंही टाकता न येणं. यातलं एक जरी असलं तरी एक्स-रे. गुडघा सांध्यातून पूर्ण निखळला होता का? असेल तर सगळ्यांत आधी पावलाच्या नाडीवर बोट, कारण मागची मुख्य रक्तवाहिनी फाटलेली असू शकते आणि तिथे तासांचा हिशेब असतो. गुडघा अडकून बसलाय, सरळच होत नाही? मग फाटलेली गादी मध्ये आली असण्याची शक्यता आहे. तिथे एमआरआय तातडीने काढावा, मीच पाठवते. या तीन गोष्टी नसतील तर आठ-दहा दिवस विश्रांती, बर्फ, हलकी हालचाल, आणि सूज उतरली की पुन्हा तपासणी. पहिल्या दिवशी मुका असलेला तोच गुडघा दहाव्या दिवशी स्वच्छ बोलतो. तेव्हाही शंका उरली तर एमआरआय आहेच. पण वाद घालणाऱ्यांच्या डोक्यात ‘पुन्हा तपासणं’ हा पर्यायच नसतो.

यावर कुणी म्हणेल, अशा थांबण्यामुळेच तर एसीएलचं निदान महिनोन्‌महिने लांबतं, आणि तोवर सैल गुडघा पुनःपुन्हा निसटून गादीचे तुकडे होतात. निदान लांबतं हे खरं आहे. कशामुळे लांबतं ते मात्र बघा. माझ्याकडे उशिरा पोचलेल्यांची कहाणी जवळपास एकच असते: पडले, एक्स-रे काढला, हाड शाबूत निघालं, ‘काही झालेलं नाही, क्रेप बँडेज बांधा’ असं सांगून घरी पाठवलं. गुडघ्याला हात कुणी लावलाच नव्हता. चित्र साफ आलं म्हणून गुडघा साफ, हीच ती चूक. एक चित्र काढून गुडघा न तपासण्याच्या चुकीवर दुसरं जास्त भारी चित्र हा इलाज कसा होईल?

हातांमधल्या फरकाचंही तसंच. हात सारखे नसतात. पण प्रतिमा वाचणारे डोळे सारखे असतात का? २०१७ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. पाठदुखी आणि पायात कळ येणाऱ्या ६३ वर्षांच्या एका बाईंचा तीन आठवड्यांत दहा वेगवेगळ्या केंद्रांवर एमआरआय काढला गेला. दहा रिपोर्टांत मिळून ४९ वेगवेगळे दोष नोंदवले गेले. दहाच्या दहा रिपोर्टांत आलेला दोष एकही नव्हता. तो अभ्यास मणक्याचा होता, आणि गुडघ्यातल्या पूर्ण तुटलेल्या एसीएलबाबत एवढा गोंधळ होत नाही, हे मी स्वतःहून सांगते. पण ‘पार्शल टेअर’, ‘ग्रेड टू सिग्नल’, ‘स्प्रेन’ असल्या शब्दांच्या पट्ट्यात एकमत किती असतं, ते दोन ठिकाणचे रिपोर्ट शेजारी ठेवून पाहिलेल्या कुणालाही विचारा. मशीन माणसाची चूक काढून टाकत नाही, ती दुसऱ्या खोलीत नेऊन ठेवते. त्या खोलीतल्या माणसाला रुग्ण दिसतही नसतो. शिवाय हात कच्चा असेल तर तो पक्का करायला हवा. विद्यार्थी गुडघ्याला हात लावण्याआधीच रिपोर्ट वाचणार असतील, तर त्यांचे हात पक्के होणार कधी?

या वादात मला एक जुनी गोष्ट सारखी आठवते. रॉन्टगेन यांनी १८९५ मध्ये एक्स-रे शोधला. नंतरच्या काही वर्षांत तान्ह्या मुलांच्या छातीच्या एक्स-रेमध्ये थायमस ही ग्रंथी डॉक्टरांना ‘फार मोठी’ दिसायला लागली. झोपेत अचानक दगावणाऱ्या बाळांचा दोष तिच्यावर ठेवला गेला. ती आक्रसावी म्हणून १९०७ पासून पुढे काही दशकं हजारो धडधाकट मुलांच्या गळ्या-छातीवर किरणांचा मारा करण्यात आला, आणि त्यांतल्या कित्येकांना पुढे थायरॉइडचा कर्करोग झाला. एक्स-रे खोटा नव्हता. ग्रंथी दिसत होती तेवढीच होती. चुकीचं होतं ते डॉक्टरांच्या डोक्यातलं ‘नॉर्मल’. ते शवविच्छेदनातून आलेलं होतं, आणि विच्छेदनाच्या टेबलावर येणारी मुलं बहुतांशी गरीब घरांतली, आजाराने खंगून गेलेली असत. आजारपणात थायमस आक्रसतो. आजारी मुलाचा थायमस नॉर्मल ठरला आणि निरोगी मुलाचा रोगट.

गुडघ्याच्या एमआरआयचं ‘नॉर्मल’ आपल्याला ठाऊक आहे का? अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम गावातल्या ५० ते ९० वयाच्या ९९१ जणांचे गुडघे एमआरआयमधून पाहिले गेले. ते गुडघा दुखतो म्हणून आलेले नव्हते. सरसकट निवडलेले होते. २००८ मध्ये निष्कर्ष आले: पन्नाशीतल्या बायकांत १९ टक्के, तर सत्तरीपुढच्या पुरुषांत ५६ टक्के लोकांच्या मेनिस्कसला इजा होती. आणि इजा असलेल्यांपैकी ६१ टक्के लोकांना आधीच्या महिन्यात त्या गुडघ्यात कसलाही त्रास नव्हता. असा माणूस उद्या पाय घसरून पडला, गुडघ्याच्या आतल्या बाजूचं लिगामेंट थोडं ताणलं गेलं आणि चार दिवसांत त्याचा एमआरआय निघाला, तर रिपोर्टात सगळ्यांत ठळक काय येईल? कित्येक वर्षांपूर्वी निमूटपणे फाटलेली गादी. आणि दुर्बिणीचं ऑपरेशन कशाचं ठरेल? फिनलंडमध्ये १४६ रुग्णांवर झालेल्या चाचणीत निम्म्यांच्या झिजून फाटलेल्या मेनिस्कसचा तुकडा दुर्बिणीतून कापून काढला, निम्म्यांना भूल देऊन ऑपरेशनचं फक्त सोंग केलं. २०१३ मध्ये निकाल आला, की वर्षभरानंतर दोन्ही गटांच्या दुखण्यात म्हणावा असा फरक नव्हता. म्हणजे चित्रातला दोष खरा होता, तो काढलाही खरा, पण दुखणं त्या दोषाचं नव्हतं.

‘ही गादीची गोष्ट झाली, एसीएल तर तुटलं की तुटलं,’ असं कुणी म्हणेल. बरं, नक्की तुटलेलंच एसीएल घेऊ. स्वीडनमध्ये लुंडच्या संशोधकांनी नुकतंच एसीएल तुटलेल्या १२१ तरुण, खेळत्या माणसांचे दोन गट केले. एका गटाचं लवकर ऑपरेशन केलं. दुसऱ्या गटातल्या ५९ जणांना आधी नुसता व्यायाम दिला आणि गुडघा सैलच राहिला तर पुढे ऑपरेशनची मुभा ठेवली. २०१० मध्ये दोन वर्षांचा निकाल प्रसिद्ध झाला. त्या ५९ पैकी २३ जणांनी ऑपरेशन करून घेतलं होतं, बाकीचे त्याच्याशिवाय चालत-फिरत होते, आणि दोन्ही गटांच्या गुडघ्यांच्या एकूण तब्येतीत फरक आढळला नाही. पाच वर्षांनीही त्या गटातल्या जवळपास निम्म्यांनी ऑपरेशन केलेलं नव्हतं. सुरुवातीला सगळ्यांचं निदान एकच होतं: एसीएल तुटलंय. मग कुणाला ऑपरेशन लागणार आणि कुणाला नाही, हे कशावरून कळलं? व्यायामानंतरही गुडघा दगा देतो का, तपासल्यावर किती सैल लागतो, आणि त्या माणसाला त्या गुडघ्याकडून काय हवंय, यांवरून. एखाद्याला पुन्हा मैदानात उतरून गिरक्या घ्यायच्या असतात, एखाद्याला शांतपणे चालायचं असतं.

एमआरआयचं ऋण मानायला हवं अशी एक गोष्ट इथे सांगितलीच पाहिजे. तुटलेलं एसीएल कधीच आपण होऊन जुळत नाही, असं आम्हाला वर्षानुवर्षं शिकवलं गेलं. २०२३ मध्ये ८० रुग्णांचा एक अभ्यास आला. त्यांचा गुडघा सुरुवातीचे चार आठवडे ९० अंशांत ब्रेसमध्ये ठेवला, मग हळूहळू मोकळा केला. तीन महिन्यांनी काढलेल्या एमआरआयमध्ये ९० टक्के जणांचं लिगामेंट जुळत आल्याच्या खुणा दिसल्या. तुलनेला दुसरा गट नव्हता, त्यामुळे लगेच हुरळून जायचं कारण नाही. पण आम्ही पाठ केलेलं चूक असू शकतं, हे दाखवलं ते एमआरआयनेच. हाताला ते कधी कळलं नसतं. हा मला मशीनचा सर्वांत चांगला वापर वाटतो. तिथे आधी प्रश्न होता, ‘जुळतंय का?’, आणि मग चित्र आलं.

रोजच्या व्यवहारात मात्र चित्र आधी येतं, आणि त्याच्याबरोबर शब्द येतात. ‘कम्प्लीट टेअर’ हे दोन शब्द माणसाला काय करतात ते मी जवळून पाहिलंय. काल कुबडी न घेता चालत आलेला माणूस आज रिपोर्ट वाचून पाय टेकवायला घाबरतो. पाय टेकवायचा नाही, गुडघा हलवायचा नाही, असं त्याने स्वतःच ठरवलेलं असतं. महिनाभरात मांडीचा पुढचा स्नायू सुकतो. डाव्या-उजव्या मांडीला टेप लावली की फरक आकड्यांत दिसतो. गुडघा सावरण्याचं बरंचसं काम जो स्नायू करतो तोच गेला, की लिगामेंट जितकं सैल असेल त्याहून गुडघा जास्त सैल भासतो. मग तोच माणूस म्हणतो, ‘ताई, रिपोर्ट बरोबर होता बघा, गुडघा खरंच धरत नाही.’ त्याला काय उत्तर द्यावं ते मला पटकन सुचत नाही. त्याचा गुडघा धरत नाही हे खरंच असतं.

मशीनवाल्यांच्या हेतूंवर बोट ठेवणाऱ्यांना एकच सांगते. कुणाला पैसे मिळतात यावरून माझं लिगामेंट तुटलंय की नाही हे ठरत नाही. लोभी माणसाने काढलेला एमआरआयही खरा असू शकतो, आणि निर्लोभी माणसाने न काढलेला एमआरआय एखाद्याचा गुडघा कायमचा घालवू शकतो. हेतूंच्या चौकशीत शिरलं की गुडघ्याची चौकशी राहून जाते. कोर्टकचेरीच्या भीतीने तपासण्या लिहिणाऱ्या डॉक्टरांबद्दल मला राग नाही, सहानुभूतीच आहे. पण मागेपुढे प्रश्न निघाला, तर ‘एमआरआय काढला होता’ या ओळीपेक्षा ‘दोन्ही गुडघे तपासले, अमुक सापडलं, दहा दिवसांनी पुन्हा तपासलं’ ही नोंद त्यांचंही जास्त रक्षण करेल, असं मला मनापासून वाटतं.

माझी मागणी तशी लहान आहे, आणि ती एमआरआयच्या चिठ्ठीपुरती आहे. ‘गुडघेदुखी, एमआरआय गुडघा’ एवढंच लिहिलेल्या चिठ्ठ्या बंद व्हाव्यात. त्या जागी लिहिलं जावं: ‘तीन आठवड्यांपूर्वी पाय रोवून वळताना दुखापत, दोन तासांत सूज, लॅचमनला शेवट लागत नाही, आतलं लिगामेंट घट्ट, बाहेरच्या मेनिस्कसचं मागचं मूळ आणि मागचा-बाहेरचा कोपरा पाहावा.’ अशी चिठ्ठी हातात पडलेला रेडिओलॉजिस्ट वेगळ्या नजरेने बघतो, हे रेडिओलॉजिस्टच सांगतात. आणि अशी चिठ्ठी लिहायची तर गुडघा तपासावाच लागतो, त्याला पळवाट नाही. रुग्णांनीही चिठ्ठी घेताना एवढं विचारावं: ‘रिपोर्ट असा आला तर काय करणार, आणि तसा आला तर काय?’ दोन्ही उत्तरं एकच असतील, तर निदान त्या दिवशी तरी मशीनमध्ये झोपायची गरज नाही.

परवा एक जण आले. दुखापतीला पाच दिवस झालेले. खुर्चीत बसायच्या आधी त्यांनी भलं मोठं पाकीट टेबलावर ठेवलं, फिल्म अर्धी बाहेर काढली आणि विचारलं, ‘ऑपरेशन लागणारच ना?’ मी फिल्म पाकिटात परत सरकवली, पाकीट बाजूला ठेवलं आणि त्यांना टेबलावर झोपायला सांगितलं. त्यांनी दुखरा गुडघा पुढे केला. मी म्हटलं, आधी चांगला. त्यांचा चांगला गुडघा कुठे येऊन टक्‌कन अडतो, हे माझ्या हाताला आधी कळायला हवं होतं.